गोव्यातल्या संध्याकाळी, पण आईंना खोलीत बसवून नव्हे

संत्राबर्फी | १४ डिसेंबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. ९ ते १३ जानेवारी आम्ही पाच जण नागपूरहून गोव्याला जातोय. मी, नवरा, १९ वर्षांची लेक, ११ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. दिवसा काय पाहायचं ते ठरलंय. मला विचारायचंय ते सूर्य मावळल्यानंतरचं.

कारण सांगते. आठ वर्षांपूर्वी गेलो होतो तेव्हा बागा-कळंगुटच्या बाजूला राहिलो. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. सात वाजले की नवरा आणि त्याचे मित्र बाहेर पडायचे आणि आई, मी आणि बाळ खोलीत. चारही रात्री खिडकीच्या काचा थरथरत होत्या, तेवढंच काय ते आमचं गोवा. परतताना गाडीनं वर्धा सोडलं आणि आई हळूच म्हणाल्या, "इतक्या लांब जाऊन मी रात्रीचा समुद्र पाहिलाच नाही गं." त्या कधी तक्रार करत नाहीत. म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून आजवर गेलेलं नाही.

आई निवृत्त शिक्षिका, वय ७१. गुडघे दुखतात. अर्धा-पाऊण तास हळूहळू चालतात, मग बसायला जागा लागते. नाटक म्हणजे जीव की प्राण. धनवटे रंगमंदिरापासून ते आताच्या सुरेश भट सभागृहापर्यंत, नागपुरात आलेलं चांगलं नाटक त्यांनी चुकवलेलं नाही. सोमवार-गुरुवार त्यांचं शाकाहारी. लेकीला गाणं, नाच, लोक, दिवे हवेत, आणि तिचं काही चूक नाही. मुलाला फक्त बोट हवी.

चार संध्याकाळी आहेत. निदान तीन तरी अशा घालवायच्यात की कुणाला मागे ठेवून जावं लागणार नाही. त्यात हडफड्याच्या नाइटक्लबातल्या आगीची बातमी आल्यापासून घरात जायचं की नाही यावरच चर्चा चालू आहे. जाणकारांनी कृपया लिहा.

उपराजधानी | १४ डिसेंबर, रात्री १०:२०

वहिनी, मुक्काम पणजीत करा. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

मी कामानिमित्त वर्षातून दोनदा जातो म्हणून सांगून राहिलो. उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर संध्याकाळ म्हणजे एकतर समुद्रकाठचं शॅक (वाळूवरचं झोपडीवजा हॉटेल), नाहीतर क्लब. मध्ये चालायला धड फुटपाथ नाही आणि गाड्यांची रांग. पणजी हे खरंखुरं शहर आहे. नदीकाठी फिरायला जागा, बसायला बाकं, दहा-पंधरा मिनिटांवर खाणं. आईंचा गुडघा दुखला तर खोली जवळ, आणि बाकीच्यांना पुढे जाता येतं. बागा तिथून सोळा-सतरा किलोमीटर आहे, लेकीला एक दिवस नेऊन आणता येईल.

फुटाळाकाठ | १४ डिसेंबर, रात्री १०:४५

पणजीला +१. आम्हीही आईवडिलांना घेऊन तिथेच राहिलो होतो.

मांडवीतीर | १५ डिसेंबर, सकाळी ७:१५

ताई, मी मूळची नागपुरातल्या प्रतापनगरची, चौदा वर्षांपासून पणजीत आहे. तुमचं लिहिलेलं वाचून रात्री झोपच आली नाही. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा मीही तिला असंच घरात ठेवून ऑफिसच्या पार्टीला गेले होते. त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी सूर्याचं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नागपुरात सूर्य सहाच्या आतच मावळतो. इथे तो सव्वासहाच्या पुढे जातो. म्हणजे अर्धा तास जास्त मिळतो, आणि तो अर्धा तास इथला सगळ्यात सुंदर. साडेपाचला मिरामारला पोहोचा. मांडवी समुद्राला मिळते तिथेच हा किनारा आहे. वाळू घट्ट असल्यामुळे आईंना चालणं जड जाणार नाही. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी तिथेच आहे, शिक्षिका आहेत म्हणजे त्या नक्की थांबतील. पोहायला मात्र कुणी उतरू नका. नदीच्या मुखाशी ओढ असते आणि अंधार पडल्यावर जीवरक्षकही नसतात.

सूर्य बुडाला की कांपालच्या रस्त्यानं शहराकडे यायचं. जुनी झाडं, डाव्या हाताला नदी. वाटेत कला अकादमी लागते. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ही वास्तू. नदीवरची हवा थेट आत येते, लोक पायऱ्यांवर बसून गप्पा मारतात, कुणी हटकत नाही. नूतनीकरणासाठी काही वर्षं बंद होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा उघडली. आत जे मोठं नाट्यगृह आहे त्याला दीनानाथ मंगेशकरांचं नाव आहे. त्या चार दिवसांत काय प्रयोग आहे ते आल्या दिवशीच दारावरच्या फलकावर पाहून घ्या. मराठी नाटक असेल तर आईंची एक संध्याकाळ तिथेच ठरली.

मग फेरीबोट. पणजीच्या धक्क्यावरून समोर बेतीला फेरी जाते. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. दहा मिनिटांच्या आत पलीकडचा काठ. अंधार पडल्यावर बसा. एका बाजूला पूल, पाण्यात कॅसिनोच्या जहाजांचे दिवे, मागे टेकडीवरचं चर्च. नदीवर संध्याकाळी यापेक्षा सुंदर काही नाही असं माझं ठाम मत आहे, आणि बेतीचे लोक ही बोट रोज भाजीची पिशवी घेऊन वापरतात. १९८६ मध्ये मांडवीचा पूल कोसळला तेव्हा याच फेऱ्यांनी दोन्ही काठ सांभाळले होते. मुलाला सारंगाच्या (बोट चालवणाऱ्याच्या) केबिनखाली उभं करा, फळी खाली पडताना आणि वर उचलली जाताना दिसते.

खाणं. पणजीत संध्याकाळी रस ऑम्लेटचे गाडे लागतात. आपल्याकडे पोह्यावर तर्री ओततात ना, तसं इथे ऑम्लेटवर शागुतीचा, म्हणजे मसालेदार कोंबडीच्या रश्शाचा, गरम रस ओततात, वर कांदा आणि लिंबू, सोबत पाव. नागपूरकराला हे पहिल्या घासातच समजतं. ज्या दिवशी आईंचा शाकाहार असेल त्या दिवशी कॅफे भोसले किंवा ताटोत भाजी-पाव. पातळ भाजी मागा, मिरचीभजी मागा, आणि गोडसर बनही.

आता कामाला पळते. देवळांचं आणि जत्रांचं रात्री लिहीन.

संत्राबर्फी | १५ डिसेंबर, सकाळी ९:०५

मांडवीतीर ताई, आईंना मोबाईलवर वाचून दाखवलं. तर्रीच्या वाक्यावर त्या खूप हसल्या. रात्रीची वाट पाहते.

रातराणी | १५ डिसेंबर, दुपारी १:३०

मला लेकीच्या बाजूनं बोलायचंय. मी तिच्याहून चारच वर्षांनी मोठी.

सगळी आखणी आजीसाठी झाली तर ती गप्प बसेल आणि मोबाईल पाहील. तिला एक रात्र द्या. आणि त्यासाठी क्लबच पाहिजे असं नाही. संध्याकाळी बऱ्याच शॅकवर गिटार घेऊन कुणीतरी गात असतं, टेबलं वाळूत मांडलेली, पाय पाण्यापासून वीस पावलांवर. बाबांबरोबर जाऊन बसली तरी ती रात्र तिच्या लक्षात राहील. शनिवारी असाल तर हडफड्याला रात्रीचा बाजार भरतो. कपडे, दागिने, मसाले, जगभरचं खाणं, आणि मध्ये व्यासपीठावर गाणं चालू. हा बाजार फक्त हंगामात, पावसाळा सोडून. तिथे पूर्ण कुटुंब जाऊ शकतं, फक्त गर्दी असते, आजीसाठी लवकर जाऊन लवकर निघा.

दक्षिणेत पाळोळ्याला हेडफोन लावून नाचायच्या पार्ट्या होतात. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे. म्हणून प्रत्येकाच्या कानात गाणं आणि बाहेर नुसत्या लाटा. मी गेले होते. हेडफोन काढला की शंभर माणसं नि:शब्द नाचताना दिसतात, आणि समुद्र ऐकू येतो. पण पणजीपासून ते सत्तरेक किलोमीटर आहे, तुमच्या चार दिवसांत बसवू नका.

एक नीट सांगा तिला. गोव्यात दारूचं कायदेशीर वय २१ आहे. कुणी विचारत नाही असं मैत्रिणी सांगतील. नियम नियमच.

कडुनिंब | १५ डिसेंबर, दुपारी ४:१०

आगीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मी अग्निसुरक्षेच्या उपकरणांच्या धंद्यात पंचवीस वर्षं आहे, आणि ही गोष्ट मला फार लागली आहे.

६ डिसेंबरच्या मध्यरात्री हडफड्याच्या एका नाइटक्लबात आग लागली आणि २५ माणसं गेली. बहुतेक तिथेच काम करणारी होती, दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेली. कित्येक जण तळघरात अडकून गुदमरले. पर्यटकांच्या चर्चेत ही पोरं मागे पडतात. ज्यांच्या जिवावर आपली संध्याकाळ उभी असते ती हीच माणसं.

तुम्ही जरूर जा. पण कुठल्याही बंद जागेत शिरलात की खुर्चीवर बसायच्या आधी दुसरं दार शोधा. पहिल्यातून आत आलात, म्हणजे सगळे बाहेरही त्याच्याकडेच पळणार. दुसरं दार नसेल, किंवा असून त्याच्यासमोर बियरचे क्रेट रचलेले असतील, तर परत फिरा. छताला माडाच्या झावळ्या, सुकं गवत, कापड असेल आणि आत फुलबाज्या, फवारे पेटवत असतील, तर क्षणभरही थांबू नका. तळघरातला हॉल तर नकोच. आणि लेकीला हे भीती घालून सांगू नका. गाडीत बसल्यावर बेल्ट लावतो ना, तसं तिच्या अंगवळणी पडू द्या.

आता दुसरी गोष्ट, कॅसिनोची. नवरोजींच्या मित्रांपैकी कुणीतरी सुचवेल, म्हणून आत्ताच बोलतो. २१ वर्षांखालच्यांना खेळायच्या जागी प्रवेश नाही, म्हणजे तुमची दोन्ही मुलं बाहेर. आणि २०२० पासून गोवा सरकारनं आपल्याच रहिवाशांना तिथे जुगार खेळायला बंदी घातली आहे. जी गोष्ट तिथल्या माणसाच्या घराला बरी नाही म्हणून सरकारनं बंद केली, ती नागपूरच्या माणसाच्या घराला बरी कशी असेल? माझा एक जवळचा मित्र पोराच्या प्रवेशाचे पैसे एका रात्रीत हरून आला. तो अजूनही कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही.

रातराणी | १५ डिसेंबर, सायं. ५:०२

काका, दुसऱ्या दाराचं मी आजपासून पाळीन. मनापासून धन्यवाद.

मांडवीतीर | १५ डिसेंबर, रात्री ९:३०

कडुनिंब काकांनी लिहिलं ते इथल्या प्रत्येकाच्या मनात आहे. आमच्या गल्लीतल्या उपाहारगृहात काम करणारी दोन मुलं त्या आठवड्यात कामावर यायला तयार नव्हती.

आता जत्रा. ताई, तुमच्या तारखा छान पडल्या आहेत. पौष पौर्णिमेच्या सुमाराला म्हापशाला बोडगेश्वराची जत्रा असते. पौर्णिमा ३ जानेवारीला आहे, पण फेरी, म्हणजे जत्रेतली दुकानं, पुढे बरेच दिवस राहतात. बोडगेश्वर म्हणजे म्हापशाचा राखणदार. मोकळ्या शेतातलं देऊळ रोषणाईनं झगमगतं, खाज्यांचे ढीग लागलेले असतात (आल्याची चव असलेलं गुळाचं खाजं आवर्जून घ्या, नागपूरला पाठवण्यासारखं आहे), पाळणे, खेळणी. पणजीहून तेरा किलोमीटर. मुलाला, लेकीला, आईंना, तिघांनाही आवडेल अशी एकच जागा मला सांगायची झाली तर मी हीच सांगेन.

सोमवारी मंगेशी. दर सोमवारी संध्याकाळी देवाची पालखी वाद्यांच्या गजरात निघते आणि मग आरती होते. पणजीहून वीस-एकवीस किलोमीटर. १२ तारखेला सोमवारच आहे, आणि आईंचा शाकाहाराचा दिवसही. दीपस्तंभ, तळं, ओल्या दगडावर अनवाणी पाय. आईंना दीनानाथांचं नाव अकादमीत दिसेल आणि गाव इथे.

आणि नदीतली सफर. मांडवीच्या पुलाखालच्या सांता मोनिका धक्क्यावरून गोवा पर्यटन महामंडळाची बोट निघते, तासाभराची. वर देखणी, फुगडी, पोर्तुगीज वळणाचा कोरिदिन्हो हे नाच दाखवतात. खाजगी बोटीही पुष्कळ आहेत. सूर्यास्ताच्या फेरीचं तिकीट आधी काढा. आईंना वरच्या डेकवर वारा लागेल, शाल ठेवा.

झाडीचा वारा | १५ डिसेंबर, रात्री ११:४०

हे समदं वाचलं. मी गडचिरोलीतल्या वडशाकडचा, आता नागपुरात नोकरीले. काकू नाटकवेड्या हायेत म्हून लिहून राह्यलो.

आमच्याकडं दिवाळी झाली का मंडई, म्हंजे गावची जत्रा, चालू होते, आन् मंडईपासून नाटक. वावरात मांडव, खड्डा खणून केलेली रंगभूमी, ऑर्गन, तबला, आन् दहा वाजता पडदा उघडला का पहाटेपर्यंत लोक हालत नाई. घोंगडी पांघरून बसतात. जेवून आलेला माणूस चहा पिऊन घरी जातो तो उजाडल्यावर. वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं रांगेनं हायेत. परशुराम खुणे यांना २०२३ मधे पद्मश्री भेटली तवा आमच्या गावात फटाके फुटले होते. रात्र जागवायची म्हणजे काय, हे आम्हाले कोणी शिकवाची गरज नाई.

आता गोव्याचं. मी चार वर्सांआधी मित्राच्या लग्नाले गेलो होतो फोंड्याकडं. रात्री त्याच्या काकानं देवळापुढच्या मांडवात नेलं. जत्रा होती. गावातलेच लोक मराठी नाटक करत होते. शिक्षक राजा झाला होता, बस कंडक्टर प्रधान. संवाद आमच्यासारखेच खणखणीत. म्हाताऱ्या बायका पुढं चटईवर, पोरं झोपून गेलेली मांडीवर. मी रडलो मंडळी. घरापासून हजार किलोमीटरवर मले माझं गाव दिसलं.

गोव्यात गावोगाव देवळाच्या जत्रेत असं मराठी नाटक होते. कला अकादमी मराठी नाट्यस्पर्धाबी घेते. काकूले हॉटेलातल्या स्टेजवरचा नाच दाखवाच, पण हे बी दाखवा. हॉटेलवाल्याले नका विचारू, त्याले नसते माहीत. फुलवालीले विचारा, देवळातल्या भटजीले विचारा, पेपरात जत्रेच्या बातम्या वाचा.

मांडवीतीर | १६ डिसेंबर, सकाळी ७:००

झाडीचा वारा, तुमचं वाचून अंगावर काटा आला. अगदी खरं आहे. पेपरचं मी करते. ९ तारखेपर्यंत कुठल्या गावात नाटक आहे ते शोधून ताईंना कळवते.

त्याच्यासारखाच तियात्र. पहिला तियात्र १८९२ मध्ये झाला, तोही मुंबईत. कोकणी नाटक, पण दर अंकाच्या मध्ये पडदा पडला की पुढे येऊन गायक कांतार म्हणतात. त्या गाण्यांत रस्त्यातले खड्डे, निवडणूक, सासू-सून सगळं येतं, आणि आवडलं की लोक पुन्हा म्हणायला लावतात. मराठी कानाला निम्मं कळतं, निम्मं हावभावांतून. मडगावच्या रवींद्र भवनात आणि पणजीत अकादमीत होतात.

उपराजधानी | १६ डिसेंबर, सकाळी ११:१५

रात्रीच्या गाडीबद्दल कुणीतरी लिहायला पाहिजे, कारण गोव्यातली संध्याकाळ परतीच्या प्रवासात बिघडते.

नागपुरात आपण मोबाईलवर गाडी बोलावतो तशी ओला-उबर तिथे नाही. २०१८ पासून गोवामाइल्स आहे, ती वापरा, पण रात्री अकरानंतर आडगावी भरवसा ठेवू नका. कदंबाच्या (सरकारी) बसही रात्री आठनंतर विरळ. तुम्ही पाच जण आहात, तर ज्या दोन संध्याकाळी पणजीबाहेर जायचंय त्या दिवशी एकच गाडी जाऊन-येऊन ठरवा, चालकाच्या थांबण्याच्या वेळेसकट दर आधी बोलून घ्या. भाड्यानं गाडी स्वतः चालवायची असेल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची कुणी स्वस्तात देऊ केली तर ती बेकायदेशीर असते.

रेल्वेनं जाणार असाल तर मडगावपर्यंत न जाता करमळीला उतरा, पणजी तिथून अकरा-बारा किलोमीटर. आपल्या नागपूर–मडगाव गाडीला साधारण सव्वीस तास लागतात, आईंना खालचा बर्थ आत्ताच पक्का करा. विमानानं जाणार असाल तर तिकिटावर दाबोळी की मोपा ते पाहून घ्या. दोन्ही विमानतळ एकमेकांपासून फार लांब आहेत.

फुटाळाकाठ | १६ डिसेंबर, दुपारी २:२५

विषय थोडा बाजूला नेतो. आपल्या गावात समुद्र नाही, तरी फुटाळ्याच्या काठाला आपण चौपाटीच म्हणतो. उन्हाळ्यात (२३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिलेली माणसं आहोत आपण) आपली संध्याकाळ आठनंतर सुरू होते. अख्खं कुटुंब, आजीसकट, पाण्याकाठी कणीस खात बसतं. तिथे कुणी आजीला घरी ठेवत नाही. संत्राबर्फी ताईंना गोव्यात हेच हवंय, आणि ते मागणं मला फार योग्य वाटतं.

स्वेटरबद्दल: नागपुरात जानेवारीत रात्री दहा अंशांच्या खाली जातो पारा, तिथे वीसच्या आसपास. निघताना घातलेलं गरम कपड्यांचं ओझं तिथे नको होतं.

संत्राबर्फी | १६ डिसेंबर, रात्री १०:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. पणजीत खोली घेतली, तळमजला. दोन खालचे बर्थ मिळाले. आई झाडीचा वारा यांचा प्रतिसाद तिसऱ्यांदा वाचतायत. आल्यावर लिहीनच.

संत्राबर्फी | १८ जानेवारी, रात्री ९:१५

आलो. संक्रांतीची गडबड झाली म्हणून उशीर.

पहिल्या संध्याकाळी सगळे थकलेले होते, म्हणून फक्त फेरीबोट. एकदा बेतीला गेलो. आई म्हणाल्या, अजून एकदा. मग परत. तिसऱ्या फेरीत एक कोळीण टोपली घेऊन त्यांच्या शेजारी बसली आणि दोघी बोलायला लागल्या, आई मराठीत, ती कोकणीत. काय बोलल्या ते विचारलं तर आई म्हणाल्या, "सुनांबद्दल." उतरायच्या वेळी पाण्याकडे पाहत त्या बराच वेळ कठड्याशी उभ्या राहिल्या. मी काही बोलले नाही. मला आठ वर्षांपूर्वीचं वाक्य आठवत होतं आणि त्यांनाही आठवत असावं.

शनिवारी म्हापशाची जत्रा. लेकीनं बांगड्या घेतल्या, मुलानं पाळण्यात बसून सगळं जेवण जवळजवळ बाहेर काढलं. खाजी चार किलो आणली, शेजारी वाटून संपली.

रविवारी बोट. महामंडळाच्या बोटीचं तिकीट आम्हाला मिळालं नाही, म्हणून एक खाजगी बोट घेतली, आणि ती चूक झाली. ध्वनिक्षेपक थेट खुर्च्यांच्या मागे, मुलगा कानावर हात ठेवून बसला, आईंचं डोकं दुखायला लागलं. नाच छान होते, पण शांतपणे पाहताच आले नाहीत. कुणी जाणार असेल तर तिकीट घेण्याआधी बोट डोळ्यांनी पाहा, ध्वनिक्षेपक कुठे आहेत ते विचारा. आईंना आणि मुलाला घेऊन मी खोलीवर आले. लेक आणि तिचे बाबा तसेच पुढे कांदोळीला शॅकवर गेले. साडेअकराला परत आले. दोघंही एकमेकांशी इतकं बोलत होते की मला मध्ये घुसायला जागा नव्हती. तिनं आल्या आल्या सांगितलं, "दुसरं दार समुद्राकडे होतं, आई." कडुनिंब काका, हे तुमच्यासाठी.

सोमवारची मंगेशी मी लिहू शकणार नाही. पालखी देवळाला फेरी घालून समोर आली तेव्हा आईंनी माझा हात धरला होता, एवढंच लिहिते.

आणि नाटक. मांडवीतीर ताईंनी पेपरातून शोधून दिलेलं गाव. मंगेशीहून पुढे अर्ध्या तासावर. देवळापुढे मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे चटया. आम्ही अनोळखी पाच माणसं, तरी एका आजोबांनी उठून आईंना पहिल्या रांगेत बसवलं. नागपूरहून आलोय म्हटल्यावर चहा आला. पौराणिक नाटक होतं. मध्ये एका नटाची दाढी सुटली, त्यानं संवाद न थांबवता ती हातानं धरली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई ओठांत संवाद म्हणत होत्या. त्यांनी शाळेत बसवलेलं होतं म्हणे, चाळीस वर्षांपूर्वी. लेकीनं मोबाईल काढला तो फक्त आजीचा फोटो घ्यायला. रात्री एकला आम्ही निघालो कारण गाडीवाल्याशी तेवढंच ठरलं होतं, आणि आई चिडल्या. शेवटचा अंक राहिला म्हणून त्या दुसऱ्या दिवशी नाश्ता होईपर्यंत बोलल्या नाहीत.

मांडवीतीर | १८ जानेवारी, रात्री १०:००

ताई, वाचताना डोळे भरून आले. शेवटचा अंक मी त्या गावच्या ओळखीच्या बाईंकडून ऐकला आहे, आईंना फोनवर सांगते. नंबर आहेच.

रातराणी | १८ जानेवारी, रात्री १०:३५

लेकीला माझा नमस्कार सांगा. आणि बाबांनाही.

झाडीचा वारा | १८ जानेवारी, रात्री ११:५५

काकूले फोनवर ऐकवू नका. आमच्याकडं अजून हंगाम चालू हाय. येत्या शनिवारी आमच्या गावाजवळ नाटक हाय, मी जाऊन राह्यलो गाडी घेऊन. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, वैनगंगा ओलांडली का आपलं गाव. तीन-साडेतीन तास. दुपारी चारले निघू, जेवण माझ्या आईकडं. काकूसाठी पाठीले टेकण असलेली खुर्ची मी सांगून ठेवतो. थंडी लय असते, गोव्यासाठी काढून ठेवलेले स्वेटर आता घेजा. आन् परतीची वेळ नाई ठरवायची. पडदा पडंल तवा निघू.

संत्राबर्फी | १९ जानेवारी, सकाळी ६:४०

आईंना विचारलं. त्यांनी घोंगडी उन्हात टाकायला काढली आहे. आम्ही पाचही जण येतोय.